चुकलेल्या ओळीचं बळ

पेन्सिलीच्या जाडीची तांब्याची एक कांडी. प्रयोगशाळेत वितळलेल्या तांब्यापासून ती अतिशय सावकाश थिजवली आहे, इतकी सावकाश की या टोकापासून त्या टोकापर्यंत ती एकच अखंड स्फटिक झाली आहे. दोन्ही हातांत धरून वाकवली तर फारसा जोर न लावता वाकते. आता तीच कांडी पुन्हा सरळ करायला जावं, तर ती हटत नाही. मघाशी जे मनगटाला जाणवलंही नव्हतं, त्यासाठी आता सगळी ताकद लावूनही काही होत नाही.

मधल्या काही सेकंदांत आपण त्या तांब्यात काही घातलं नाही, त्यातून काही काढलं नाही, त्याला तापवलंही नाही. वजन तेवढंच आहे, अणूही तेच आहेत. मग हे बळ आलं कुठून?

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला विज्ञानाला विसाव्या शतकाचा जवळजवळ अर्धा भाग लागला. आणि ते उत्तर इतकं अनपेक्षित आहे की ते समजल्यावर कढई, सळई, अंगठी, तार, कशाकडेच पूर्वीसारखं पाहता येत नाही.

सुरुवात स्फटिकापासूनच करू. स्फटिक म्हटलं की खडीसाखर आठवते, तुरटी आठवते, कडा आणि पैलू आठवतात. धातू आठवत नाहीत. पण खिडकीचा गज, दाराची कडी, पोळ्यांचा तवा हे सगळं स्फटिकांचंच असतं. ते स्फटिक फार बारीक असतात आणि एकमेकांना खेटून वाढलेले असतात, म्हणून दिसत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर किंवा पत्र्यावर जी चमचमती, वेडीवाकडी नक्षी असते, ती मात्र जस्ताच्या स्फटिककणांचीच. तिथे ते इतके मोठे वाढतात की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. प्रत्येक कणाच्या आत अणू ओळीने, थरावर थर रचलेले असतात. तांब्यात शेजारच्या दोन अणूंच्या केंद्रांतलं अंतर 0.256 नॅनोमीटर असतं. म्हणजे एका सेंटिमीटरच्या ओळीत जवळजवळ चार कोटी अणू बसतात.

धातू वाकतो तेव्हा या रचनेचं काय होतं? 1899 च्या सुमारास केंब्रिजमध्ये यूइंग आणि रोझनहाइन या दोघांनी घासून आरशासारखे केलेले धातूचे तुकडे ताणले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक समांतर रेघा उमटल्या होत्या. धातू ताणला म्हणून त्याचं स्फटिकपण मोडलं नव्हतं. अणूंचा एक थर दुसऱ्यावरून घसरला होता, आणि घसरल्यावर पुन्हा नीट बसला होता. प्रत्येक रेघ म्हणजे अशा घसरणीची पायरी.

थर घसरतात हे कळल्यावर पुढचा प्रश्न साहजिक होता: त्यासाठी जोर किती लागेल? 1926 मध्ये याकोव फ्रेंकेल या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने हा हिशेब मांडला. वरच्या थरातला प्रत्येक अणू खालच्या दोन अणूंमधल्या खोबणीत बसलेला आहे. सगळा थर एकदम उचलून पुढच्या खोबणीत न्यायचा. गणित सोपं आहे, पदवीचा विद्यार्थी आज ते अर्ध्या पानात करतो. तांब्यासाठी उत्तर येतं दर चौरस मिलिमीटरला सुमारे सातशे किलो. नंतर हिशेबात सुधारणा झाल्या, तरी तो आकडा शेदीडशे किलोच्या खाली काही येईना.

आणि प्रत्यक्षात? शुद्ध तांब्याचा एकसंध स्फटिक दर चौरस मिलिमीटरला शंभर ग्रॅम, कधी त्याहूनही कमी भाराने घसरू लागतो.

हजारपटींहून जास्त फरक. पदार्थविज्ञानात हिशेब दहा-वीस टक्क्यांनी चुकतो, कधी दुपटीने चुकतो. हजारपटींची चूक म्हणजे काहीतरी मुळातच वेगळं घडतंय. अणूंमधल्या बंधांबद्दल फ्रेंकेलचं काही चुकलं नव्हतं. चूक होती ती एका गृहीतकात, की सगळा थर एकाच वेळी घसरतो.

1934 साली तीन माणसांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे गृहीतक सोडून दिलं. केंब्रिजचे जॉफ्री टेलर, आणि दोघे मूळचे बुडापेस्टचे: एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलानी. टेलर यांचा या प्रश्नाशी जुना संबंध होता. त्यांनी आणि कॉन्स्टन्स इलम या धातुशास्त्रज्ञ बाईंनी 1923 मध्येच ॲल्युमिनियमचा एकेक स्फटिक ताणून त्याचे थर नेमके कुठल्या दिशेने घसरतात हे मोजलं होतं. ओरोवान आणि पोलानी यांचे लेख एकाच जर्मन नियतकालिकाच्या एकाच खंडात छापून आले. तिघांचं म्हणणं एकच होतं, आणि ते समजायला लग्नाच्या मांडवातलं जाजम पुरेसं आहे.

लांबलचक जाजम वीतभर पुढे सरकवायचं आहे. टोकाला धरून ओढलं तर सगळं जाजम एकदम जमिनीला घासतं, चार माणसं लागतात. त्याऐवजी मागच्या टोकाला एक सुरकुती पाडायची आणि ती पायाने ढकलत पुढच्या टोकापर्यंत न्यायची. एकटं पोरही हे काम करतं. प्रत्येक क्षणी जाजमाचा फक्त सुरकुतीएवढा भाग हलत असतो. बाकीचं सगळं जिथल्या तिथे पडून असतं. सुरकुती पलीकडे निघून गेली की अख्खं जाजम वीतभर सरकलेलं असतं.

स्फटिकातली सुरकुती अशी असते: अणूंच्या उभ्या थरांपैकी एक थर वरून खाली येता येता मध्येच संपतो. खालच्या अर्ध्यात तो नाहीच. जिथे तो संपतो, तिथे शेजारचे थर जरासे वाकून एकमेकांना सामावून घेतात, आणि अर्धवट थराच्या त्या कडेची एक रेघ स्फटिकातून आरपार जाते. या रेघेला डिसलोकेशन म्हणतात. जोर लावला की अर्धवट थराच्या टोकाचे अणू समोरच्या थराच्या खालच्या अर्ध्याशी हात मिळवतात, त्या थराचा वरचा अर्धा सुटा पडतो, आणि आता तो अर्धवट थर होतो. रेघ एक घर पुढे सरकली. एका वेळी फक्त एका ओळीतले बंध तुटले आणि नवे जुळले. हजारपटींचा फरक इथे मिटतो.

मला या कल्पनेत सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की ती रेघ कशाचीच बनलेली नाही. तिच्यात वेगळे अणू नसतात. आत्ता तिच्यावर असलेले अणू पुढच्या क्षणी मागे राहतात आणि ती दुसऱ्या अणूंवर गेलेली असते. आणि तरी ती एखाद्या खऱ्या वस्तूसारखी वागते. तिला लांबी आहे, तिच्यात ताण आहे, ती वाकते, स्फटिकाच्या आत ती मध्येच संपू शकत नाही. सारख्या जातीच्या दोन रेघा एका थरावर समोरासमोर आल्या तर एकमेकींना दूर लोटतात. विरुद्ध जातीच्या जवळ आल्या तर एकमेकींना ओढतात, भेटतात आणि दोघी नाहीशा होतात, कारण वरचा अर्धा थर आणि खालचा अर्धा थर मिळून एक पूर्ण थर होतो. इटलीच्या व्हितो व्होल्तेरा यांनी अशा रेघांभोवतीच्या ताणाचं गणित 1907 मध्येच करून ठेवलं होतं. त्यांच्यापुढे धातू नव्हता, अणूही नव्हते, होता फक्त लवचीक पदार्थाचा एक निखळ गणिती प्रश्न. सत्तावीस वर्षांनी ते गणित जसंच्या तसं कामी आलं.

पण एक डिसलोकेशन स्फटिक पार करून गेलं की वरचा भाग सरकतो किती? एका अणूचं अंतर, पाव नॅनोमीटर. तांब्याचा तुकडा एका थरावर एक मिलिमीटर सरकायचा तर तिथून एकामागून एक 39 लाख डिसलोकेशनं जायला हवीत. एवढी येतात कुठून? स्फटिकात आधीपासून असलेली तर पहिल्याच झटक्यात पृष्ठभागावर येऊन संपायला हवीत. म्हणजे वाकवता वाकवता धातूचं घसरणंच थांबायला हवं. तसं होत नाही.

याचं उत्तर ब्रिस्टलच्या चार्ल्स फ्रँक यांना आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या थॉर्नटन रीड यांना जवळपास एकाच वेळी सुचलं. 1950 मध्ये पिट्सबर्गला दोघांची गाठ पडली, आपण एकच गोष्ट घेऊन आलोय हे लक्षात आलं, आणि लेख दोघांच्या नावाने निघाला. समजा, रेघेचा एक तुकडा दोन टोकांना अडकलेला आहे. जोर लावला की तो मधून फुगतो, अर्धवर्तुळ होतो, आणखी फुगून अडकलेल्या टोकांना वळसा घालतो. मागच्या बाजूला त्याच्याच दोन बाजू एकमेकींना भिडतात. त्या विरुद्ध जातीच्या असतात, म्हणून भेटताच नाहीशा होतात. उरतं काय? एक पूर्ण वेढा, जो सुटून बाहेर पसरत जातो, आणि आत जसाच्या तसा मूळ तुकडा, पुन्हा फुगायला तयार. जोर असेपर्यंत वेढ्यामागून वेढा निघत राहतो. 1956 मध्ये विल्यम डॅश यांनी सिलिकॉनच्या स्फटिकात तांबं मुरवून, अवरक्त प्रकाशात, अगदी असे एकात एक वेढे छायाचित्रात पकडले. कागदावर काढलेली आकृती आणि ते छायाचित्र शेजारी ठेवलं तर अंगावर काटा येतो.

1934 ते 1950 या काळात मात्र डिसलोकेशन कुणी पाहिलेलं नव्हतं. हे सगळं कागदावरचं होतं, आणि शंका घेणारे बरेच होते. लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी 1947 मध्ये केंब्रिजमध्ये साबणाच्या पाण्यावर बुडबुड्यांचा तराफा केला. बारीक नळीतून एकसारखी हवा सोडली की मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे हजारो सारखे बुडबुडे पाण्यावर जमतात आणि आपसूक षट्कोनी रचनेत बसतात. तराफा बाजूने दाबला की त्यातून एक चुकलेली ओळ झरकन पळत जाते. एखादा बुडबुडा फुटला की रिकामी जागा दिसते. दोन वेगळ्या दिशांनी रचलेले भाग भेटतात तिथे वेडीवाकडी सीमा दिसते. रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या प्रसिद्ध व्याख्यानमालेच्या पुस्तकात हा मूळ लेख जवळजवळ पूर्ण छापला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करता येतो, आणि मुलांना तो दाखवायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

खऱ्या स्फटिकातला पुरावा आला तो वाढीच्या बाजूने. स्फटिकाचा एक सपाट थर पूर्ण भरला की त्यावर नवा थर सुरू व्हायला फार अवघड जातं. एकट्या-दुकट्या अणूला तिथे आधारच नसतो. हिशेबाप्रमाणे द्रावण किंवा वाफ खूपच संपृक्त असल्याशिवाय स्फटिक वाढायलाच नको. तरी ते वाढतात. फ्रँक यांनी 1949 मध्ये सांगितलं की काही डिसलोकेशनं मळसूत्री असतात: त्यांच्याभोवती अणूंचे थर जिन्यासारखे गोल गोल वर चढत जातात. तिथे पृष्ठभागावर एक पायरी कायम राहते. तिच्या कडेला अणू चिकटत राहतात, पायरी गोल फिरत राहते, आणि थर कधीच ‘पूर्ण’ होत नाही. म्हणजे पृष्ठभागावर चक्राकार नक्षी दिसायला हवी. ती दिसली. त्या सुरुवातीच्या आणि सर्वांत सुंदर नोंदींपैकी काही अजितराम वर्मा या भारतीय शास्त्रज्ञाच्या आहेत. लंडनला टोलान्स्की यांच्याकडे काम करताना त्यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकांवरची चक्रं सूक्ष्मदर्शकात टिपली आणि अवघ्या दीड नॅनोमीटर उंचीच्या पायऱ्या प्रकाशाने मोजल्या. हेच वर्मा पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

आणि मग 1956. केंब्रिजमध्ये पीटर हर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन ॲल्युमिनियमचा अतिपातळ वर्ख इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहत होते. पडद्यावर बारीक काळ्या रेघा होत्या. इलेक्ट्रॉनांचा झोत वाढवला आणि रेघा चालू लागल्या. ठरावीक थरांवरून, गणिताने सांगितलं होतं तशाच, त्यांच्या डोळ्यांसमोर सरकत गेल्या. त्यांनी त्याचं चलच्चित्र घेतलं. त्याच वर्षी जिनिव्हात बोलमन यांनी पोलादात डिसलोकेशनं पाहिली. बावीस वर्षं जी केवळ युक्तिवादात होती ती वस्तू आता पडद्यावर चालत होती.

आता ती वाकलेली कांडी पुन्हा हातात घेऊ. पहिल्या वाकण्यात तिच्यात डिसलोकेशनं थोडी होती आणि त्यांना मोकळं रान होतं. वाकता वाकता एकेका जागेतून वेढ्यामागून वेढे सुटले, वेगवेगळ्या दिशांच्या थरांवरून ते एकमेकांना आडवे आले, अडकले, गाठी पडल्या. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा प्रत्येक रेघेच्या वाटेत दुसऱ्या शेकडो रेघा होत्या. तांबं घट्ट झालं ते दोष वाढल्यामुळे.

किती वाढतात? एक घन सेंटिमीटर धातू, म्हणजे साधारण मोठ्या चणेरी बोराएवढा तुकडा घ्या. तो चांगला तापवून मऊ केलेला असेल तर त्यातल्या सगळ्या डिसलोकेशनांची मिळून लांबी दहा किलोमीटरपासून हजार किलोमीटरपर्यंत भरते. तोच तुकडा थंडपणी ठोकून ठोकून घट्ट केला की ही लांबी दहा लाख किलोमीटर आणि त्याच्याही पुढे जाते. चंद्र आपल्यापासून 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. चंद्रापर्यंत जाऊन परत यावं एवढी चुकलेली ओळ त्या चिमुकल्या तुकड्यात गुंडाळलेली असते, आणि तरी त्यातले बहुतेक अणू आपापल्या जागी नीट ओळीत असतात.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पिढ्यान् पिढ्या हाताने चालत आलं आहे. हंडा, घंगाळ, बंब घडवला की त्यावर ओळीने हातोडी मारत मठारकाम करतात. त्या हातोडीच्या ठशांची चकाकती नक्षी आपण पाहतो, हात फिरवून पाहतो. पण मठारण्याने भांडं घट्ट होतं, पोचे सहज पडत नाहीत, हे तांबटाला पक्कं माहीत असतं. प्रत्येक घावाबरोबर तिथल्या तांब्यात कितीतरी किलोमीटर रेघांची भर पडत असते. आणि घडवताना मध्येच पत्रा इतका ताठर होतो की आणखी ठोकला तर चिरेल. मग तांबट त्याला भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात सोडतो. पोलाद असं पाण्यात विझवलं तर कडक होतं. तांबं मऊ होऊन बाहेर येतं.

तापवल्यावर जे होतं त्यात दुसऱ्या एका दोषाचा हात आहे. कुठल्याही स्फटिकात काही अणूंच्या जागा रिकाम्याच असतात. हा घडवणाऱ्याचा निष्काळजीपणा नाही. निरपेक्ष शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला काही रिकाम्या जागा असणं हेच उष्मागतिकीच्या नियमांना धरून आहे. कितीही जपून वाढवला तरी स्फटिकाची त्यातून सुटका नाही. तापमान वाढतं तशा त्या झपाट्याने वाढतात. तांबं 1085 अंशांना वितळतं. त्या आसपास दर दहा हजार जागांमागे एखाद-दोन रिकाम्या असतात. शेजारचा अणू रिकाम्या जागेत उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे आणखी कुणी येतो. अणूंना फिरायला वाट मिळते ती या रिकाम्या जागांमुळे. त्यांच्या आधाराने अडकलेली डिसलोकेशनं आपला थर सोडून वर-खाली चढतात, गाठी सुटतात, विरुद्ध जातीच्या रेघा भेटून मिटतात. पुढे गुंत्याने भरलेल्या जुन्या कणांच्या जागी नवे, स्वच्छ कण वाढतात. लांबी पुन्हा काही शे किलोमीटरवर येते आणि पत्रा पुन्हा हातोडीखाली यायला तयार होतो.

रेघा अडवायची दुसरी रीत म्हणजे परके अणू. चोवीस कॅरेटचं सोनं दागिन्याला फार मऊ पडतं, म्हणून बावीस कॅरेटमध्ये चांदी आणि तांबं घालतात. चांदीचा अणू सोन्याच्या अणूएवढाच असतो, तो निमूट ओळीत बसतो. तांब्याचा अणू लहान असतो, त्याच्याभोवती सोन्याची ओळ आत ओढली जाते आणि जवळून जाणाऱ्या डिसलोकेशनाला ती जागा जाणवते. म्हणून तांब्याने सोनं चांदीपेक्षा जास्त कडक होतं. लोखंडात कार्बनचं काम याहून नाट्यमय आहे. कार्बनचा अणू इतका लहान की तो लोखंडाच्या अणूंच्या फटीत शिरतो. डिसलोकेशनाच्या अर्धवट थराखाली जागा थोडी ऐसपैस असते. कार्बन तिथे गोळा होतो आणि रेघेला जखडून टाकतो. बर्मिंगहॅमच्या कॉट्रेल आणि बिल्बी यांनी 1949 मध्ये हे उलगडलं. बांधकामावरच्या टीएमटी सळईत तर बाहेरचा थर लाल असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने झटकन थंड करतात. कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, तो तिथेच कोंडला जातो आणि सळईभोवती एक कणखर कडं तयार होतं. गाभा मात्र सावकाश थंड होतो, मऊ राहतो. सळईला आपण ‘एफई 500’ म्हणतो, त्यातल्या आकड्याचा अर्थ दर चौरस मिलिमीटरला सुमारे पन्नास किलो भारापर्यंत तिच्यातल्या रेघा रोखलेल्या राहतील.

तिसरी रीत योगायोगाने सापडली. 1906 मध्ये बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून, तापवून, पाण्यात विझवून पाहत होते. पोलादासारखं काही कडक होईना. शनिवारी काही मोजमापं राहिली, ती सोमवारी घेतली, तर तुकडे पडल्या पडल्या कडक झाले होते! विल्म यांना कारण कधीच कळलं नाही. ते सापडलं 1938 मध्ये, फ्रान्सच्या गिनिए आणि ब्रिटनच्या प्रेस्टन यांना, क्ष-किरणांनी. विझवताना ॲल्युमिनियममध्ये कोंडलेले तांब्याचे अणू साध्या हवेच्या तापमानालाच हळूहळू एकत्र येतात आणि काही नॅनोमीटरच्या चकत्या करतात. डिसलोकेशनाला आता अशा हजारो चकत्यांमधून वाट काढावी लागते. या मिश्रधातूवर पुढची बरीचशी विमानं उभी राहिली. आणि त्याहून सुंदर गोष्ट 1994 मध्ये पुढे आली: राइट बंधूंच्या 1903 च्या पहिल्या विमानाच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं ओतीव कवच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तपासलं, तर त्यात सुमारे आठ टक्के तांबं होतं आणि त्याच चकत्या तिथेही होत्या. विल्म यांच्या शोधाच्या तीन वर्षं आधी, कुणालाही न कळता, त्या विमानाला उडवायला हातभार लावून गेलेल्या.

कणांच्या सीमाही रेघांना अडवतात, कारण पलीकडच्या कणात थरांची दिशाच बदललेली असते. हॉल आणि पेच यांनी 1951 ते 1953 दरम्यान दाखवलं की कण जितके बारीक, धातू तितका मजबूत. मात्र कण दहा-वीस नॅनोमीटरच्या खाली गेले की नियम उलटू लागतो आणि सीमाच घसरायला लागतात.

इतकं सगळं वाचल्यावर एक प्रश्न राहतोच: दोष नसतीलच तर? फ्रेंकेलचा आकडा गाठता येईल? येतो. 1952 मध्ये बेल प्रयोगशाळेत हेरिंग आणि गॉल्ट यांनी उपकरणांतल्या कथलाच्या मुलाम्यावर आपोआप उगवणारे, दोन मायक्रॉनच्या आसपास जाडीचे केस तपासले. हे केस उपकरणांत शॉर्ट सर्किट करतात म्हणून कुप्रसिद्ध होते. कथील वाकवलं की वाकलेलंच राहतं. हे केस मात्र भरपूर वाकून पुन्हा सरळ होत होते. आत डिसलोकेशनांना जवळजवळ वावच नव्हता. 1956 मध्ये ब्रेनर यांनी लोखंडाच्या अशा केसावर दर चौरस मिलिमीटरला तेराशे किलोंचा भार मोजला, आपल्या सळईच्या पंचवीसपट. पण जाडी वाढवायला गेलं की कुठेतरी एक डिसलोकेशन शिरतंच, आणि एक शिरलं की सगळं बळ कोसळतं. केसांचे पूल बांधता येत नाहीत.

आणि बांधता आले तरी मला तसल्या पुलावरून जायला आवडणार नाही. सरकणारी डिसलोकेशनं नसली की काय होतं ते पाहा. काचेत अणूंना ओळच नाही, म्हणून चुकलेली ओळही नाही. हिऱ्यात डिसलोकेशनं आहेत, पण तिथले बंध इतके कडक की ती नेहमीच्या तापमानाला हलत नाहीत. चीर गेली की दोन्ही एका क्षणात फुटतात. धातूत चिरेच्या टोकाशी ताण वाढला की तिथून डिसलोकेशनं निघतात, टोक बोथट होतं, ताण विरतो. गाडीचा पत्रा चेपतो, फुटत नाही. गज वाकतो, तुटण्याआधी सांगतो. कितीतरी माणसं या सरकत्या रेघांमुळे जिवंत आहेत.

उष्णतेत मात्र हा सगळा जमाखर्च बदलतो. जेट इंजिनाच्या टर्बाइनमधलं पातं तासन् तास अशा वायूत फिरतं ज्याचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असतं. पात्याच्या पोटातून खेळवलेल्या हवेमुळेच ते टिकतं. इतक्या उष्णतेत कणांच्या सीमा घसरतात आणि पातं हळूहळू लांबत जातं. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. साच्याच्या तळाशी एक वेटोळी नळी असते. वितळलेला धातू थिजताना तिच्यातून वर चढण्याच्या शर्यतीत एकच स्फटिक पलीकडे पोचतो, आणि तोच पुढे पातं होतो. जगात मोजक्याच देशांना हे जमतं. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने अशी 60 पाती तयार करून स्वदेशी हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एचएएलला दिली, हे 2021 मध्ये जाहीर झालं.

एकच स्फटिक म्हटल्यावर ते पातं आपल्या तांब्याच्या कांडीसारखं मऊ असायला हवं. नसतं, कारण निकेलच्या त्या स्फटिकात निकेल आणि ॲल्युमिनियमचे अर्ध्या मायक्रॉनचे चौकोनी ठोकळे खच्चून भरलेले असतात, आकारमानाच्या निम्म्याहून जास्त. ठोकळ्यांत दोन्ही अणूंच्या जागा ठरलेल्या असतात. एक डिसलोकेशन आत शिरलं की हा क्रम बिघडतो. तो परत जुळवायला मागोमाग दुसरं यावं लागतं. त्यामुळे तिथे डिसलोकेशनं जोडीनेच चालतात. आणि तापमान वाढतं तशा या जोड्या आपल्या थरावरून निसटून आडव्या थरावर चढतात, जिथून त्यांना पुढे जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. इतर धातू तापवल्यावर मऊ पडतात. हे ठोकळे सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवत नेले तर अधिकाधिक कडक होत जातात.